आठाला दोन

माझी नात दाओन सात वर्षांची आहे आणि तिला खोटं बोलता येत नाही. हा गुण तिने माझ्याकडून घेतलेला नाही. चाळीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला मुलांशी थोडं थोडं खोटं बोलायची सवय लागते. चित्र छान जमलंय, शर्यतीत शेवटून दुसरा येणंही काही कमी नाही, असलं काहीतरी.

गेल्या चुसोकला, म्हणजे शरदातल्या पौर्णिमेच्या सणाला, ती आईबापांबरोबर माझ्याकडे आली. माझी बायको बोंगिम जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. पहिल्या वर्षीचे सण आम्ही मुलाच्या घरी, सुवॉनला केले होते, त्यामुळे आजी गेल्यानंतर दाओन या घरात पहिल्यांदाच येत होती. तीन रात्री राहायचा बेत होता. मी आठ दिवस आधीपासून तयारीला लागलो. अंगणातलं गवत काढलं, गाद्या उन्हात टाकल्या, आणि जिच्यात ती झोपणार त्या खोलीची जमीन तेल लावून घासली. आमच्या जमिनीला जाड पिवळा कागद असतो. त्याला रानतिळाचं तेल चोळलं की तो असा चमकतो की त्यात दिवा दिसावा. संध्याकाळी गारवा आला तसा मी जमिनीखालचा बंबही चालू केला, पोरीच्या पाठीला ऊब लागावी म्हणून.

दाओन खोलीच्या दारात उभी राहिली. एक पाय आत, एक बाहेर.

"आजोबा, मी इथे नाही झोपणार."

"का गं?"

"वास येतो."

"कसला वास?"

तिने माझ्याकडे पाहिलं, खोलीकडे पाहिलं. "तुमच्या घरचा," ती म्हणाली.

सून पुढे झाली. "दाओन, असं बोलतात का मोठ्यांशी? माफी माग."

"पण येतो."

माझा मुलगा तेगून गाद्या उचलून ओसरीवर नेऊ लागला. त्या रात्री ती तिघं ओसरीवर झोपली आणि दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर निघाली. गाडीत बसताना तेगून म्हणाला, "रस्त्यावर गर्दी व्हायच्या आत निघतो, बाबा." सणाच्या दुसऱ्याच दिवशी कसली गर्दी? गर्दी तिसऱ्या दिवशी असते, हे मला माहीत होतं आणि त्यालाही.

गाडी वळणाआड गेल्यावर मी घरात आलो आणि दीर्घ श्वास घेतला. मला काहीच वास आला नाही.

तेव्हा वाटलं, घराचा नाही, माझाच असणार. म्हाताऱ्या माणसाच्या अंगाला एक वास येतो असं लोक म्हणतात. मी शाळेत शिकवायचो तेव्हा एका म्हाताऱ्या शिपायाच्या अंगाला तो यायचा. मुलं नाक दाबायची आणि मी त्यांना रागवायचो. आता माझी पाळी आली असं मी धरून चाललो. दर पाच दिवसांनी खाली बाजार भरतो, तिथे सार्वजनिक स्नानगृह आहे. दर बाजारला मी तिथे जाऊन गरम पाण्यात बसायला लागलो आणि खरखरीत कापडाने अंग लाल होईपर्यंत घासायला लागलो. जुने कोट टाकून दिले. पांघरुणं उकळली. बोंगिमचा लोकरी स्वेटर कपाटात होता, तो मात्र उकळला नाही. नुसता वाऱ्यावर टाकला आणि घडी करून परत ठेवला.

चार बाजार असे गेल्यावर मी फोनवर तेगूनला सहज विचारल्यासारखं विचारलं, "नव्या वर्षाला येणार ना? दोन-तीन दिवस?"

"येऊ की. राहायचं मात्र बघू, बाबा. दाओनला... तुम्हाला माहीतच आहे."

मला माहीत होतं. नव्या वर्षाला अजून तीन महिने होते. तेवढ्या वेळात हा वास जाईल की नाही, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात होता. गेला तर ती राहील. नाही गेला तर यापुढे ती या घरात पाहुण्यासारखी येईल, जेवेल आणि जाईल.

कार्तिकाच्या सुमाराला मी रानतीळ झोडून घेतला. आमच्याकडे तीळ दोन. एकाला नुसतं खरा तीळ म्हणतात, दुसऱ्याला रानतीळ. नावावरून भाऊ वाटतात, पण नातं काही नाही. रानतीळ तुळशीच्या कुळातला. त्याची पानं आम्ही भातासोबत खातो आणि बियांचं तेल काढतो. घरामागच्या दोन पट्ट्यांत बोंगिम दोन्ही लावायची. ती गेल्यावर मीही लावत राहिलो, कारण त्या पट्ट्यांत दुसरं काय लावतात ते मला माहीत नव्हतं.

पोतं सायकलला बांधून मी तेलाच्या गिरणीत गेलो. गिरणी तोक्सानवालीची. तिचं खरं नाव गावात कुणी घेत नाही. तोक्सानहून लग्न होऊन आली म्हणून तोक्सानवाली. तिची तिन्ही मुलं माझ्या हाताखालून गेली. सोजूच्या, म्हणजे आमच्याकडच्या दारूच्या, रिकाम्या हिरव्या बाटल्या धुऊन आपापल्या न्यायच्या, ही इथली रीत. मी चार बाटल्या नेल्या होत्या. तीन रिकाम्या होत्या, आणि एकीत गेल्या वर्षीचं तेल बोटभर उरलं होतं. म्हटलं, तेवढं नव्यात ओतून घेऊ.

तोक्सानवालीने त्या बाटलीचं बूच काढलं आणि मान मागे घेतली.

"गुरुजी, हे काय आणलंत?"

"गेल्या वर्षीचं. तुझ्याच गिरणीचं आहे."

"माझ्या गिरणीतून हे असं गेलं नव्हतं." तिने बाटली हाताच्या अंतरावर धरली. "हे किती दिवस झाले असं?"

"असं म्हणजे कसं?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्हाला वास येत नाही?"

"रोज भाजीवर घालतो मी."

"देवा," ती हळूच म्हणाली आणि स्टुलावर बसली. "खवट झालंय हो. पार खवट. शेळीसुद्धा तोंड लावायची नाही. वाढताना नाही, खाताना नाही, कधीच कळलं नाही?"

"रोज थोडं थोडं होत गेलं असेल," मी म्हणालो. "रोज थोडं झालं की कळत नाही."

"हेच कुठे कुठे वापरलंत?"

मी सांगितलं. भाजीवर, भातावर. आणि चुसोकच्या आधी खोलीच्या जमिनीला, तीन वेळा, हात दुखेपर्यंत.

"आणि वर खालून बंब पेटवला असेल."

"पेटवला."

तिने कपाळाला हात लावला. मग तिला हसू आलं, आणि हसू आल्याचं वाईटही वाटलं असावं, कारण ती उठून उगाच भट्टीतल्या बिया हलवायला लागली. "गुरुजी, माझ्या पोरांना तुम्ही पाढे शिकवलेत, झाडांची नावं शिकवलीत. तुम्हाला कोण शिकवणार? बोंगिमताई दरवर्षी दोन पिशव्या आणायच्या. एक मोठी रानाची, एक छोटी खऱ्याची. आठाला दोन. घरी नेऊन खऱ्याचं तेल रानाच्यात मोजून मिसळायच्या. गेल्या वर्षी तुम्ही आलात आणि स्टुलावर पहारा करत बसलात. आठवतंय? मी विचारलं, खऱ्याचं घालू का थोडं? तर म्हणालात, शुद्ध पाहिजे, कशातही काही मिसळायचं नाही."

आठवत होतं. त्या दिवशी मी भट्टीपासून घाण्यापर्यंत आपल्या बियांवरची नजर हलू दिली नव्हती. गिरणीत आपल्या तिळापाशी बसून राहायचं आणि दुसऱ्याचा दाणा मिसळू द्यायचा नाही, असं इथे सगळेच करतात. माझा पहारा जरा जास्त होता एवढंच. ते पीक बोंगिमने पेरलेलं शेवटचं होतं. बी तिने वसंतात टाकलं आणि मळणी मी एकट्याने केली. त्या तेलात मला दुसरं काही नको होतं.

आणि त्याआधी? त्याआधीची तीस वर्षं मी तिची चेष्टा करत आलो होतो. ती मोरीशी बसून मोजून ओतायची, आठ पळ्या आणि दोन पळ्या, आणि मी म्हणायचो, "झाली भेसळ सुरू."

"भेसळ नाही हो. दोन पळ्या खऱ्याच्या घातल्या की रानाचं टिकतं."

"कुणी सांगितलं?"

"आईने."

"आणि आईला?"

"तिच्या आईने. तुम्हाला कुणी सांगितलं की टिकत नाही?"

पाचवीच्या मुलांना मी सांगायचो, कशावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका, करून बघा. बोंगिमचं म्हणणं मी तीस वर्षांत एकदाही करून बघितलं नाही.

त्या दिवशी गिरणीतून परतताना माझी सायकल चढावरसुद्धा हलकी चालली. कारण सरळ होतं. वास माझा नव्हता. तेलाचा होता. माणूस खवट होतो की नाही मला माहीत नाही, पण मी झालो नव्हतो. दोन महिने मी उगाच कातडं घासत होतो.

पुढच्या बाजारला तालुक्याच्या वाचनालयात जाऊन मी याबद्दल वाचलं. खऱ्या तिळात एक पदार्थ असतो. बी भाजलं की तो बदलतो आणि त्यातून सेसमॉल नावाचा दुसरा तयार होतो. तेल खवट होतं ते हवेतल्या प्राणवायूमुळे. तो तेलाच्या कणांना एकेक करून गाठतो, आणि रानतिळाचं तेल फारच भोळं, लगेच गाठलं जातं. सेसमॉल मधे पडतो. पहिला मार स्वतः खातो, म्हणून बाकीचे वाचतात. तो संपेपर्यंत तेल ताजं राहतं. बोंगिमला हा शब्द माहीत नव्हता. मला शब्द कळला तेव्हा तिला सांगायची सोय उरली नव्हती.

मी कामाला लागलो. खोलीच्या जमिनीवरचा तेलाचा थर चिकट होऊन बसला होता. खाण्याचा सोडा, कोमट पाणी, मग सोजूत भिजवलेलं फडकं. हातभर भाग पुसला की वाळू द्यायचा, मग पुढचा. चार दिवस लागले. कागदाची चमक गेली, तो निस्तेज झाला, पण हाताला कोरडा लागू लागला. तेल चोळायचे जुने बोळे जाळले. शेल्फ घासलं. खिडक्या थंडीतही उघड्या ठेवल्या. पण वास गेला की नाही हे मला कळायला काही मार्ग नव्हता. शेवटी तोक्सानवालीलाच बोलावलं. ती बूट काढून खोलीच्या मधोमध उभी राहिली, चारी कोपऱ्यांत नाक नेऊन आली.

"काही नाही," ती म्हणाली. "थंडीचा वास येतो. आणि जरा सोजूचा. नातीला म्हणावं, आजोबा सुधारलेत."

नव्या वर्षाच्या सकाळी तेगून आणि दाओन आले. सून नर्स आहे, तिला सणाची ड्यूटी होती. आम्ही पितरांना पान वाढलं, बोंगिमच्या नावाने पेला ओतला. दाओनने मला वाकून नववर्षाचा नमस्कार केला, तोंडातल्या तोंडात पाठ केलेलं वाक्य म्हटलं आणि मग सरळ त्या खोलीच्या दाराशी गेली. मी मागे उभा होतो. तिने आत पाऊल टाकलं. दुसरंही टाकलं. जमिनीवर बसली, हात टेकले.

"वास गेला," ती म्हणाली.

"नक्की?"

"गेला म्हटलं ना. कुठे गेला?"

"बैस, सांगतो."

तांदळाच्या वड्यांचं सूप खाऊन झाल्यावर मी तिला स्वयंपाकघरात घेऊन बसलो आणि सगळं सांगितलं. रानतीळ, खरा तीळ, प्राणवायू, मधे पडणारा सेसमॉल. माझं नाक कसं हळूहळू फसलं तेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"खरंच दोन चमच्यांनी एवढं होतं?"

"माहीत नाही. मी पुस्तकात वाचलं, आजीने तिच्या आईकडून ऐकलं. आपल्यापैकी कुणीच करून पाहिलेलं नाही."

"मग करू या."

मला हेच हवं होतं. दोन सारख्या काचेच्या बरण्या मी आदल्या दिवशीच धुऊन ठेवल्या होत्या. एकीत दहा चमचे नुसतं रानतिळाचं. दुसरीत तेच आठ चमचे आणि दोन चमचे खऱ्याचं. चमचे तिने मोजले, आठव्याला अडली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. चिठ्ठ्या चिकटवायच्या वेळी तिने एकीवर 'खराब होणार' असं लिहायला घेतलं.

"असं नाही," मी म्हणालो. "उत्तर आधीच चिठ्ठीवर लिहायचं नाही. नाहीतर नाक चिठ्ठी वाचून वास घेतं. नुसतं एक आणि दोन."

तिला ते पटलं. "आता कुठे ठेवायच्या?"

माझ्या मनात जागा ठरलेली होती. माझ्या खिडकीत. बरण्या माझ्याकडे राहिल्या की माझ्या नाकाचा भरवसा नाही म्हणून तिला यावं लागेल. दर महिन्याला एकदा तरी. एकदा आली की रात्री राहील. हा सगळा बेत मी दोन आठवडे घोळवत होतो आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

"इथे खिडकीत ठेवू," मी म्हणालो.

"आणि रोज हुंगणार कोण?"

"मी."

"तुमचं नाक बिघडलंय. आत्ताच म्हणालात."

"मग तू येशील तेव्हा."

"रोज थोडं थोडं झालं तर कळत नाही म्हणालात. मग मधे खूप दिवस गेले तर कधी झालं ते कसं कळणार?" तिने जरा विचार केला. "मी रोज हुंगते आणि वहीत लिहिते. आमच्या गॅलरीत ऊन येतं. पप्पा, डबा आणा ना."

तेगून दाराशी उभा होता, त्याने माझ्याकडे पाहिलं. माझा बेत त्याच्या लक्षात आला असावा, कारण तो म्हणाला, "राहू दे की आजोबांकडे, दाओन."

आता मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. पण पोरीचं म्हणणं बरोबर होतं. निरीक्षण रोज झालं पाहिजे, आणि ज्याचं नाक चांगलं त्याने केलं पाहिजे. माझ्या वर्गात कुणी असं बोललं असतं तर मी त्याला पुढे बोलावून सगळ्यांना ऐकवलं असतं.

"ती म्हणते ते बरोबर आहे," मी म्हणालो. "ने तू. पण गाडीत सरळ धरायच्या."

चारच्या सुमारास तेगूनने घड्याळ बघितलं. मी खोलीत गादी घालून ठेवली होती आणि ती दाराबाहेरून दिसत होती.

"आता तर वास नाही," मी म्हणालो.

त्याने दाओनला गाडीत बसवलं, दार लावलं आणि परत माझ्याकडे आला. खाली बसून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

"वासामुळे नव्हतं, बाबा. तिला येत होता वास, खरंय. पण मी वाद घातला नाही. मला बरंच झालं." तो उभा राहिला. "मला इथे झोप लागत नाही. आई गेल्यापासून. रात्री स्वयंपाकघरातून काही आवाज येत नाही ना, मग मी जागाच राहतो."

"मलाही नाही लागत," मी म्हणालो.

"माहीतेय."

एवढंच आम्ही बोललो. मी त्याला नव्या तेलाची बाटली दिली, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्याने बूच काढून वास घेतला, बूच घट्ट लावलं आणि बाटली पुढच्या सीटवर ठेवून तिला पट्टा बांधला. दाओन मागच्या सीटवर मांडीवर दोन बरण्या दोन्ही हातांनी धरून बसली होती, त्यामुळे तिला हात हलवून निरोप देता आला नाही. तिने मान हलवली.

त्यानंतर फोन तेगूनचे यायचे, पाच-पाच मिनिटांचे. जेवलात का, थंडी आहे का. बरण्यांचं मी विचारत नव्हतो. निरीक्षण करणाऱ्याला मधे घाई करू नये.

तेविसाव्या दिवशी, शाळा सुटल्यानंतरच्या वेळेला, दाओनचा स्वतःचा फोन आला.

"आजोबा, एक नंबरची बरणी खराब झाली."

"कधी?"

"काल जराशी वाटली, म्हणून काल लिहिलं 'शंका'. आज नक्की."

"छान. असंच लिहायचं. आणि दोन नंबर?"

"तिला काही झालं नाही. भाजलेल्या शेंगदाण्यासारखी."

"एक नंबरचा वास कसा आहे?"

"खवट."

"खवट हा माझा शब्द. तुझ्या नाकाला कसा वाटला ते सांग."

झाकण पुन्हा उघडल्याचा आवाज आला. मागे कुठेतरी टीव्ही चालू होता.

"तुमच्या घरासारखा," ती म्हणाली. "मोठ्या चंद्राच्या वेळी होता तसा. पण हे मी लिहिलं नाही. मम्मी म्हणाली, आजोबांना वाईट वाटेल."

"नाकाला जे कळलं तेच लिहायचं," मी म्हणालो. "लिही."

"आजोबांचं घर, असं?"

"असंच."

पेन्सिलीचा आवाज फोनवर ऐकू आला. ती लिहिताना अक्षर पुटपुटत होती. मी तोवर खिडकीजवळ उभा राहिलो. शेल्फावर माझी मिसळलेली बाटली होती, गळ्यापर्यंत भरलेली. एकट्या माणसाला भाजीवर थेंबभर लागतं.

"झालं. आता दोन नंबर खराब होईपर्यंत थांबायचं?"

"हो."

"किती दिवस?"

"ते मला सांगता येणार नाही, दाओन."

"पुस्तकात नाही?"

"पुस्तकात असेल. पण तुझ्या आजीने कधी बघितलं नाही आणि मीही नाही. आमच्या घरी तेल तेवढे दिवस उरायचंच नाही."